खरा पोलीस असता तर?

कुणाच्या भाकरी झाल्या असतील, कुणाची चूल अजून पेटलेली असेल, कुणी शेळ्या बांधून नुकतीच ओट्यावर टेकली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही कर्जाच्या हप्त्यांचं बोलणार नाही, पापड-कुरडयांचंही नाही. आज बोलायचंय पोलिसांविषयी, मोबाइलविषयी आणि आपल्यावर कोण नजर ठेवतं त्याविषयी. विषय शहरातला वाटेल. पण तो आमच्याच गटातल्या एका काकूंच्या घरात घडला. काकूंना विचारून सांगतो आहोत. नाव मात्र घेणार नाही. का, ते पुढं कळेल.

काकू आमच्या गटाच्या कोषाध्यक्ष. मालक जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा चाकणला कंपनीत. घरी त्या एकट्या आणि दावणीला चार शेळ्या. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी साडेनऊला त्यांना फोन आला. बोलणारा हिंदीत, मध्येच मराठीत. म्हणाला, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, तुमच्या नावच्या पार्सलात अंमली पदार्थ सापडलेत. काकू म्हणाल्या, "बाबा, मी कशाला पार्सल पाठवतेय?" तर त्यानं त्यांचा आधार नंबर घडाघडा वाचून दाखवला. मुलाचं नावही सांगितलं. तिथंच काकूंचे हातपाय गळाले.

मग व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दीतला माणूस, मागं झेंडा, मध्येमध्ये वायरलेसचा आवाज. तो म्हणाला, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे." दार लावून घ्या. मोबाइल डब्याला टेकवून ठेवा, तुम्ही सतत दिसल्या पाहिजेत. कुणाला सांगितलं तर मुलाला कंपनीतून उचलू. काकू सहा तास त्या मोबाइलसमोर बसून राहिल्या. पाणी प्यायचं तरी विचारून. गोठ्यात शेळ्या ओरडत होत्या. त्यांना वैरण टाकायला काकूंनी परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

दुपारपर्यंत शेळीविक्रीचे २६,००० रुपये काकूंच्या खात्यातून गेले. "तपासून संध्याकाळी परत येतील," असं त्यानं सांगितलं होतं. मग पेटीतली गटाची रोकड निघाली. महिन्याच्या बचतीचे आणि हप्त्यांचे २०,००० रुपये. ते खात्यात भरा आणि पाठवा, असा हुकूम झाला. काकू चालू कॉलचा मोबाइल पिशवीत घालून बँक सखीकडं गेल्या. बँक सखी आमच्याच गटातली. तिनं पैसे मोजायला घेतले आणि पिशवीतून आवाज आला, "जल्दी करो." तिनं विचारलं, काकू, पिशवीत कोण बोलतंय? काकूंच्या तोंडून शब्द फुटेना. तिनं मोबाइल काढला, वर्दीतला माणूस पाहिला आणि कॉल बंद केला. काकू तिच्या हाताला झोंबल्या, "बंद नको करू गं, पोराला उचलतील!"

गटाचे २०,००० असे वाचले. बँक सखीनं तिथूनच १९३० या नंबरवर फोन लावला. काकूंच्या २६,००० मधले ९,००० पुढच्या एका खात्यात अडवले गेले. ते अजून हातात आलेले नाहीत. बाकीचे गेले ते गेलेच.

आता आमची चूक सांगतो. त्याच रात्री गटाच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहिलं, "कोषाध्यक्षांनी गटाचे पैसे घालवले." गटाचा एक रुपया गेला नव्हता. पण दुसरीनं काकूंच्या पासबुकाचा फोटो टाकला. तो फोटो आमच्या गटातून दुसऱ्या गटात, तिथून भावकीत आणि शेवटी चाकणला मुलाच्या मोबाइलवर गेला. तो आईवर फोनवर ओरडला. दोन बैठकांना काकू आल्या नाहीत. आम्ही चौघी-पाचजणी घरी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांनी मला सहा तास बघितलं. तुम्ही पंधरा दिवस बघताय."

आमच्याकडं उत्तर नव्हतं. चहा झाला. निघताना काकूंनी विचारलं, "मला सगळ्या म्हणतात, तो पोलीस खोटा होता हे कसं कळलं नाही? पण मला एक सांगा, तो खरा असता तर? खऱ्या पोलिसाला असं करता येतं का? त्याला नाही म्हणता येतं का?"

मैत्रिणींनो, आमच्यात दहावी झालेल्या होत्या, बी.ए. झालेल्या होत्या. एकीलाही सांगता येईना. तेव्हा आमच्या लक्षात आलं की चोरानं काकूंना तंत्रज्ञानानं फसवलं हे अर्धंच खरं. पोलीस म्हटल्यावर काहीही करू शकतात, असं काकूंना वाटत होतं. आपल्या सगळ्यांनाच वाटतं. चोराचं भांडवल तेच होतं. खऱ्या पोलिसाची हद्द कुठं संपते हे जिला ठाऊक आहे, तिला खोटा पोलीस सहा तास बसवून ठेवू शकत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही तालुका विधी सेवा समितीच्या वकील ताईंना बोलावलं. त्यांनी जे समजावलं, ते आता तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट. "डिजिटल अटक" असं काही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. पोलिसांनी अटक कशी करायची, झडती कशी घ्यायची, हे त्यात लिहिलेलं आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. अटकेचं कारण सांगायचं. नातेवाइकाला किंवा आपण सांगू त्या माणसाला कळवायचं. वकिलाला भेटू द्यायचं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं. आता काकूंचा तो वर्दीवाला आठवा. तो म्हणत होता, कुणाला सांगू नका. कायदा म्हणतो, घरच्यांना सांगितलंच पाहिजे. एवढं एक ठाऊक असतं तरी काकूंनी फोन बंद केला असता.

दुसरी गोष्ट, बाईच्या अटकेची. सूर्य मावळल्यानंतर आणि उगवण्यापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. अंगाची झडती बाईनंच घ्यायची, तीही मर्यादा राखून.

तिसरी गोष्ट चौकशीची. इथं नीट लक्ष द्या. एखाद्या प्रकरणात आपण साक्षीदार असू, म्हणजे आपल्याला काही माहिती आहे एवढंच असेल, तर पोलिसांनी बाईच्या घरी येऊन विचारायचं. तिला ठाण्यात बोलावून बसवून ठेवायचं नाही. तिला स्वतःला ठाण्यात जायचं असेल तर ती जाऊ शकते. आपल्यावरच संशय असेल तर हजर राहण्याची लेखी नोटीस येऊ शकते, आणि ती आली तर जावं लागतं. ती टाळायची नाही. पण ती नोटीस नुसत्या व्हॉट्सॲपवर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २१ जानेवारी २०२५ रोजी सगळ्या राज्यांना सांगितलं आहे.

चौथी गोष्ट घरझडतीची. झडती घेताना आणि वस्तू ताब्यात घेताना त्याचं मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर चित्रीकरण करायचं, असं नव्या संहितेत आहे. पंच हवेत. काय काय नेलं त्याची यादी करायची आणि तिची प्रत घरच्या माणसाला द्यायची.

वकील ताई सांगत होत्या आणि आमच्यातली एक आजी हळूच म्हणाली, "एवढं सगळं आपल्यासाठी लिहिलंय?" हो आजी, लिहिलंय. आणि ते आपोआप लिहिलं गेलं नाही.

उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा एक माणूस होता. १९४१ मध्ये त्याला दरोड्याच्या प्रकरणात पकडलं. पुरावा नव्हता म्हणून सोडलं. पण पोलिसांनी त्याच्या नावानं खातं उघडून ठेवलं. रात्री-अपरात्री पोलीस, चौकीदार दारात यायचे, हाका मारायचे, दार ठोठवायचे. परगावी जायचं तर आधी कळवायचं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ मध्ये न्यायालयानं रात्री घरी जाऊन तपासणी करणं बंद केलं. पण त्याच निकालात म्हटलं की खासगीपणाचा असा वेगळा हक्क आपल्या घटनेत नाही. तो हक्क स्पष्ट शब्दांत मिळायला आणखी ५५ वर्षं गेली. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आधारच्या विरोधात त्यांनी २०१२ मध्ये अर्ज केला होता. त्यातून प्रश्न निघाला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

आपल्या महाराष्ट्रातलीही एक गोष्ट आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात १५ बायकांशी बोलून माहिती घेतली. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रावर १९८३ मध्ये निकाल झाला. बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, आणि बाईची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच, असे आदेश निघाले. एका बाईनं ऐकून घेतलं, लिहून काढलं आणि पत्र पाठवलं, तिथून ही सुरुवात झाली.

आता २०१७ च्या निकालातली एक गोष्ट आपल्या रोजच्या कामाची आहे. न्यायालय म्हणालं, हा हक्क काही अमर्याद नाही. चोर पकडायचे तर पोलिसांना माहिती लागणारच. पण सरकारला आपल्या खासगी गोष्टीत हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा, आणि हेतूला लागेल तेवढंच घ्यायला हवं. आम्ही बैठकीत याचे तीन प्रश्न केले. कोणत्या कायद्यानं? कशासाठी? एवढंच पुरे, की जास्त मागताय? आमच्या बायांनी ते पाठ केले. आणि महिन्याभरात ते वापरायची वेळ आली.

काकूंनी तक्रार नोंदवली होती. तक्रारीची प्रत त्यांना फुकट मिळाली, तो त्यांचा हक्कच आहे. पण तपासाला पाहिजे म्हणून ठाण्यात त्यांचा मोबाइल ठेवून घेतला. पावती नाही, कागद नाही. एक आठवडा झाला, दुसरा झाला. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, मुलाचा फोन त्याच नंबरवर. काकू तिसऱ्यांदा गेल्या तर म्हणाले, "मावशी, नेहमी असंच असतं, झाल्यावर देऊ." आणि तिथल्या टेबलावर कुणीतरी काकूंच्या मोबाइलमधले फोटो सरकवत बसलेलं त्यांनी पाहिलं. नातीच्या बारशाचे फोटो.

मग आम्ही सहाजणी गेलो. भांडायला गेलो नाही, हे आधी सांगतो. गटाच्या लेटरहेडवर अर्ज लिहून नेला होता, दोन प्रती. ठाणे अंमलदारांना म्हटलं, साहेब, तपासाला मोबाइल लागतो हे आम्हाला मान्य आहे. तो जप्त केला असेल तर जप्तीचा पंचनामा दाखवा आणि आमची प्रत द्या. जप्त केला नसेल तर परत द्या. ज्या फोनकॉलचा आणि पैशांचा तपास आहे तेवढं बघा, बारशाच्या फोटोंत गुन्हेगार नाही. आधी आवाज चढला. "आम्हाला कायदा शिकवता का?" आम्हीही मनातून घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. एकीचे हात थरथरत होते म्हणून तिनं अर्ज दुसरीच्या हातात दिला. पण कुणी मागं फिरली नाही. शेवटी तिथल्याच एका महिला पोलीस ताईंनी पुढं होऊन नोंद केली, लागणारी माहिती उतरवून घेतली, पंचनाम्यावर काकूंची सही घेतली, आणि त्याच संध्याकाळी मोबाइल परत दिला. अर्जाच्या आमच्या प्रतीवर पोचही मिळाली.

त्या पोलीस ताईंचे आम्ही आभार मानतो. पोलीस आपले वैरी नाहीत. रात्री दोन वाजता नवरा मारायला उठला आणि ११२ फिरवला तर तेच येतात. पण नियमानं वागणाऱ्या पोलिसालाही आपण विचारण्यानं बळच मिळतं. आपण गप्प बसलो की नियम न पाळणाऱ्याचं फावतं.

ठाण्यात जाताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे हवेत. दारात, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोलीत. त्यातलं चित्रण १८ महिने जपून ठेवायचं, ते शक्य नसेल तर कमीत कमी एक वर्ष तरी. ठाण्यात कुणाला इजा झाली तर त्या चित्रणाची मागणी करता येते. म्हणजे कॅमेरा फक्त आपल्यावरच असतो असं नाही. तो पोलिसांवरही हवा, असं न्यायालयच म्हणतं. ठाण्यात गेलात तर गेल्याची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. मागणी करायची वेळ आली तर तीच कामी येते.

कॅमेऱ्याचं निघालंच आहे तर आमच्या गावाचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या. ग्रामसभेत आम्ही बायकांनीच लावून धरलं की कॅमेरे बसवा. लोकवर्गणी निघाली, चार कॅमेरे बसले, चोऱ्या थांबल्या. सगळ्यांना बरं वाटलं. पण कॅमेऱ्याचं चित्र दिसायचं कुठं? तर चौकातल्या एका दुकानात. तिथं दिवसभर पोरं बसायची. एका कॅमेऱ्यात ओढ्याकडची वाट दिसायची. त्या वाटेनं बायका पहाटे जातात, धुणं घेऊन जातात. दुसऱ्या कॅमेऱ्यात एसटीचा थांबा. एक दिवस थांब्यावर वर्गातल्या मुलाशी बोलत उभ्या असलेल्या एका मुलीचा तुकडा कुणीतरी मोबाइलवर उतरवून गावभर फिरवला. ती बोलत होती परीक्षेच्या अर्जाचं. घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं. तीन आठवडे आमच्या बाया त्यांच्या घरी जात राहिल्या, तेव्हा ती परत बसमध्ये बसली.

कॅमेरा मागितला आम्ही, पण तो कोण बघणार हे विचारलं नाही. चोरासाठी लावलेल्या कॅमेऱ्यानं चोर सोडून पोरीला पकडलं. मग पुढच्या ग्रामसभेत पोलीस पाटलांना बरोबर घेऊन तेच तीन प्रश्न मांडले. आता ओढ्याकडचा कॅमेरा विहिरींकडं वळवला आहे. पडदा दुकानातून ग्रामपंचायतीच्या कुलपाच्या खोलीत गेला. किल्ली ग्रामसेवकांकडं. चित्रण पाहिजे असेल तर पोलिसांचं पत्र लागतं, आणि कुणी कधी पाहिलं ते रजिस्टरला लिहायचं. सुरुवातीला काही जण म्हणाले, ज्याला लपवायचं नाही त्यानं घाबरायचं कशाला? त्यावर आमच्या काकूच उठून बोलल्या, "मी काय लपवत होते? माझ्या घरात लपवायला चार शेळ्या! तरी दार लावून बसवलं ना मला?" सभा हसली. पण विषय मंजूर झाला.

हे घराबाहेरचं झालं. घरातही एक ठाणेदार असतो, मैत्रिणींनो. बायकोचा मोबाइल रोज रात्री तपासणारा, कॉल किती वेळ चालला ते मोजणारा, तिला न सांगता मोबाइलमध्ये पाळतीचं ॲप घालून ठेवणारा. "मी नवराच आहे, त्यात काय?" असं तो म्हणतो. आता कायद्यात काय आहे ते ऐका. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं आहे. बाई इंटरनेट, ईमेल किंवा दुसरं इलेक्ट्रॉनिक साधन कसं वापरते यावर पुरुषानं पाळत ठेवणं त्यात येतं. लगेच कुणी केस करा असं आम्ही म्हणत नाही. पण ही माया नाही, पाळत आहे, एवढं निदान आपल्याला नावानिशी कळू दे. आणि सासू म्हणून, आई म्हणून आपणही पोरींच्या मोबाइलशी तसंच वागत नाही ना, तेही बघू.

शेवटी आमच्या गटाकडं येतो. काकूंचा आधार नंबर त्या चोराला कुठून मिळाला, याचा विचार करताना आम्ही गटाचं कपाट उघडलं. आत २३ बायांच्या आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे. दोन-दोन, तीन-तीन प्रती. काही व्हॉट्सॲपवरून झेरॉक्सच्या दुकानात पाठवलेल्या, त्या तिथल्या कॉम्प्युटरवर अजून पडून. चोरानं तिथूनच घेतला असं आम्ही म्हणत नाही. पण दार तर आम्हीच उघडं टाकलं होतं.

मग गटानं ठराव केला. जास्तीच्या झेरॉक्स सगळ्यांसमोर फाडून चुलीत घातल्या. यापुढं झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी आणि कोणत्या तारखेला. चालत असेल तिथं पहिले आठ अंक झाकलेलं आधार द्यायचं, ते आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतं. ज्यांना अंगठ्याचं काम रोज लागत नाही, त्यांनी आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करून ठेवायचे. लागतील तेव्हा उघडता येतात. कुणाचा हप्ता थकला तर ते बैठकीत बोलायचं, व्हॉट्सॲपवर नाही. पासबुकाचा, घराचा, आजारपणाचा फोटो त्या बाईला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. आणि कुणी फसली तर पहिल्या दिवशी तिच्या घरी दोघींनी जायचं. हिशेब नंतर. काकूंचं नाव आज आम्ही का घेतलं नाही, ते आता कळलं असेल. हा त्याच ठरावाचा भाग आहे.

काकू अजून आमच्या कोषाध्यक्ष आहेत. राजीनामा लिहून आणला होता, आम्ही घेतला नाही. ज्या बाईनं पासबुकाचा फोटो टाकला होता, ती त्यांच्या घरी जाऊन रडली. काकूंनी तिला चहा पाजला. पूर्वीसारखं झालंय का? पूर्ण नाही. काकू अजून अनोळखी नंबर उचलत नाहीत आणि गटाच्या फोटोत मागं उभ्या राहतात. ते भरून यायला वेळ लागेल.

आता हे नंबर लिहून घ्या. चुलीपाशी भिंतीवर लिहून ठेवा, लेकीला पाठ करायला सांगा. पैसे फसवून गेले तर १९३०. लगेच, त्याच तासात, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत अडवता येतो. पोलिसांची तातडीची मदत ११२. महिला हेल्पलाइन १८१. मोफत वकील हवा असेल तर १५१००, नाहीतर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीत जा. बाईला तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

आणि कुणी फोनवरून पोलीस म्हणून दरडावलं, तर फोन बंद करा आणि शेजारणीला हाक मारा. खरा पोलीस असेल तर तो कागद घेऊन दारात येईल. दारात आला तर बसायला पाट द्या, पाणी द्या, आणि मग विचारा. साहेब, कोणत्या कायद्यानं? कशासाठी? एवढंच पुरे, की जास्त मागताय?

काकूंना आम्ही उत्तर दिलंय. खरा पोलीस असता तरी त्याला तसं करता आलं नसतं. आणि त्याला नाही म्हणता आलं असतं. एकटीनं जड जातं, म्हणून तर गट आहे.

भेटू पुढच्या बुधवारी, याच वेळी. नमस्कार.